रक्तदाब वाढवणाऱ्या गोळ्या: कोणाला, कोणती आणि दिवसाच्या कोणत्या वेळी

ऐरोलीच्या एका भगिनींनी आपल्या सासऱ्यांविषयी विचारले आहे. त्यांचे वय ७४, मधुमेह सुमारे वीस वर्षांचा आणि उच्च रक्तदाबाचे औषध बरीच वर्षे चालू. अलीकडे सकाळी अंथरुणातून उठले की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि एकदा तर ते न्हाणीघराच्या दारातच कोसळले. त्या वेळी घरच्या यंत्रावर रक्तदाब ८८/५४ भरला. रात्री आडवे झाल्यावर मात्र तोच १५६/८४ असतो. चालू औषधे अशी: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, प्रोस्टेटसाठी सकाळी टॅम्सुलोसिन आणि पायांच्या आगीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन. शेजारच्या काकूंना मिडोड्रिन या गोळीने बरे वाटले आणि औषधाच्या दुकानातही तिचेच नाव सुचवले गेले. ती सुरू करावी का, नाहीतर दुसरी कोणती, तोवर मीठ-साखरेचे पाणी द्यावे का आणि अशी गोळी जन्मभर घ्यावी लागते का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

आधी थेट उत्तर देतो: मिडोड्रिन आज सुरू करू नका. ते औषध वाईट आहे असे मुळीच नाही. योग्य रुग्णाला ते पुन्हा चालते-फिरते करते, हे ठाण्यातल्या माझ्या व्यवसायात मी अनेकदा पाहिले आहे. परंतु आपल्या सासऱ्यांच्या चिठ्ठीतच रक्तदाब खाली आणणारी निदान चार औषधे आहेत आणि रक्तदाब वाढवणारी जवळजवळ प्रत्येक गोळी यांपैकी कोणत्या ना कोणत्या गोळीच्या नेमके उलट काम करते. टॅम्सुलोसिन रक्तवाहिन्यांवरील आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेले अल्फा-१ ग्राहक, म्हणजे आवळण्याचा संदेश घेणारे पेशींवरील बिंदू, बंद करते. मिडोड्रिन तेच ग्राहक उघडते. हायड्रोक्लोरोथायाझाइड मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. फ्लुड्रोकॉर्टिसोन ही रक्तदाब वाढवणारी दुसरी गोळी ते शरीरात धरून ठेवते. दोन्ही बाजूंनी गोळ्या चालू ठेवल्या तर दोन्हींचे दुष्परिणाम पदरात पडतात आणि फायदा कोणाचाच धड होत नाही. म्हणून रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा विचार नेहमी जुन्या चिठ्ठ्या वाचण्यापासून सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

पुस्तकी व्याख्येनुसार ९०/६० च्या खालचा रक्तदाब कमी समजला जातो. पण हा आकडा स्वतः आजार नव्हे. सडपातळ बांध्याच्या अनेक तरुण मुलींचा रक्तदाब कायम ९०/६० च्या आसपास असतो आणि त्या ठणठणीत असतात. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत तो थोडा उतरणे स्वाभाविक असते. चक्कर नाही, थकवा नाही, अंधारी नाही, तर औषधही नाही. याच्या उलट, ज्याचा रक्तदाब बसल्यावर ११० असतो आणि उभे राहताच ८० वर येतो, त्याला खरा धोका असतो, कारण तो पडतो. या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याला आमंत्रण.

उठून उभे राहिल्यावर अर्धा ते एक लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरते. निरोगी माणसाच्या मानेतील व छातीतील दाब-संवेदक हे क्षणात ओळखतात, नसांमार्फत संदेश जातो, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन सुटते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकतो. दीर्घकाळच्या मधुमेहाने किंवा पार्किन्सनसारख्या विकाराने या स्वायत्त, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या, नसा कमजोर झाल्या, अथवा रक्तवाहिन्यांतील पाणी मुळातच कमी असले, तर हा तोल सांभाळला जात नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला आम्ही उभे राहिल्यावरचा न्यून रक्तदाब म्हणतो. आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत तसाच दाट संशय आहे. पण तो मोजून पक्का करावा लागेल.

मोजण्याची पद्धत मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण घराघरांत यंत्रे आली तरी मोजतात सगळे बसूनच, आणि बसून मोजलेल्या आकड्यात हा दोष सहसा लपून राहतो. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे. मनगटावरचे या कामाला भरवशाचे नाही. सकाळी उठण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे सपाट झोपवून पहिला आकडा नाडीसह लिहावा. मग त्याला उभे करावे आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. उभ्याने मोजताना हात लोंबकळत ठेवला तर आकडा खोटा वाढलेला दिसतो, म्हणून कोणीतरी तो हृदयाच्या पातळीवर आधार देऊन धरावा. शेजारी पलंग किंवा खुर्ची हवी, आणि अंधारी आली की मोजणे सोडून लगेच बसवावे. हेच जेवणानंतर तासाभराने आणि रात्री झोपताना करावे. असे चार-पाच दिवस केले की वहीच्या दोन पानांत जे दिसते ते एरवी दवाखान्यातल्या एका भेटीत दिसत नाही. नाडीचा आकडाही महत्त्वाचा: रक्तदाब ४० अंकांनी उतरला आणि नाडी जेमतेम पाच-सातने वाढली तर दोष नसांचा असण्याची शक्यता अधिक, नाडी ७० वरून ११० वर गेली तर शरीरातले पाणी किंवा रक्त कमी झाले आहे का, हे आधी पाहावे लागते. मधुमेही माणसाला भोवळ आली की त्याच वेळी ग्लुकोमीटरवर साखरही पाहून घ्यावी.

आता चिठ्ठीकडे वळू. माझा पहिला हात हायड्रोक्लोरोथायाझाइडवर जाईल. टेल्मिसार्टनसोबत ते एकाच गोळीत मिळत असल्यामुळे आपण दोन औषधे घेतो आहोत, हे कित्येक रुग्णांना ठाऊकच नसते. त्यातच डॅपाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर आणि तिच्यासोबत पाणी व मीठही बाहेर काढते. ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, घामाने अंग निथळत असताना, ७४ वर्षांच्या माणसाला ही दोन्ही औषधे एकदम पेलतीलच असे नाही. टॅम्सुलोसिन हे त्याच गटातल्या प्राझोसिन किंवा डॉक्साझोसिनइतके रक्तदाब पाडत नाही, तरीही वृद्धांमध्ये पाडते. सकाळी घेतलेली गोळी झोपण्याच्या वेळेवर नेली तर काहींना तेवढ्यानेच बरे वाटते, नाहीतर मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलून पर्याय शोधता येतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन पायांची आग शमवते, पण उभे राहिल्यावर रक्तदाब उतरवणारी जी औषधे आहेत त्यांत त्याचे नाव फार वरचे आहे, शिवाय ते लघवीही अडवते. पायांच्या आगीसाठी ड्युलॉक्सेटिनसारखे या बाबतीत तुलनेने सौम्य पर्याय उपलब्ध आहेत. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, मूत्ररोगतज्ज्ञ वेगळे, मेंदूविकारतज्ज्ञ वेगळे आणि प्रत्येकाने आपापल्या जागी योग्यच औषध दिलेले. पण सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर ठेवून एकाच माणसाने वाचलेल्या नाहीत, असे आपल्याकडे फार घडते. पडलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर मी घरच्यांना औषधांची पिशवीच उचलून आणायला सांगतो, कारण तोंडी यादीत रात्रीची एक गोळी हमखास राहून जाते.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की रक्तदाबाच्या सर्व गोळ्या उद्यापासून बंद कराव्यात. नियंत्रणाबाहेर गेलेला उच्च रक्तदाब स्वतःच उभे राहतानाची घसरण वाढवतो; सगळे औषध एकदम थांबवले तर रात्रीचा १५६ आणखी वर जाईल आणि पक्षाघाताचा धोका वाढेल. टेल्मिसार्टनसारखे औषध या बाबतीत त्या मानाने कमी त्रासदायक असते, ते बहुधा ठेवता येते. डॅपाग्लिफ्लोझिन जर हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिलेले असेल तर तेही विचारल्याशिवाय काढू नये. बदल एका वेळी एकच करावा, आठवडाभर वहीत नोंदी ठेवाव्यात आणि मग दुसऱ्याला हात घालावा.

या काळात काही तपासण्या आवश्यक आहेत: हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हृदयाचा आलेख आणि व्हिटॅमिन बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते आणि त्या कमतरतेने नसा कमजोर होऊन हाच त्रास वाढतो. इथे उपाय रक्तदाबाची गोळी नसून बी-१२ हाच असतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामकांमुळे जठरातून हळूहळू रक्त जात असेल तर शौच डांबरासारखे काळे होते, ते विचारावेच. वजन घटणे, भूक मरणे, त्वचा काळवंडणे आणि सोडियम कमी असणे असे चित्र दिसले तर सकाळचे कॉर्टिसॉल तपासावे. हे संप्रेरक मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी तयार करतात, आणि त्या निकामी होण्यामागे आपल्या देशात क्षयरोग हे आजही एक महत्त्वाचे कारण आहे. दीर्घकाळ घेतलेले प्रेडनिसोलोन अचानक बंद केल्यानेही तसेच होते. अशा रुग्णाला मिडोड्रिन देणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला; त्याला ती उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोनच हवे आणि तेही विनाविलंब.

मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल. मधुमेही माणसाला रोज साखरपाणी नको, हे उघड आहे. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तर जलसंजीवनी योग्य. एरवी साधे पाणी पुरते, फक्त ते पिण्याची वेळ साधावी लागते. ज्यांच्या स्वायत्त नसा कमजोर आहेत अशांनी पाच मिनिटांत अर्धा लिटर पाणी प्यायले तर त्यांचा रक्तदाब काही मिनिटांतच चढू लागतो आणि साधारण तासभर चढलेला राहतो. पलंगाशी तांब्या-भांडे ठेवावे, उठण्यापूर्वी बसूनच दोन मोठे पेले प्यावेत, पाच मिनिटे पाय खाली सोडून पोटऱ्या हलवाव्यात आणि मगच उभे राहावे; गोळी लागो न लागो, हे करावेच. जादा मीठ मात्र सरसकट देऊ नये. आपल्या लोणची-पापडांच्या जेवणात ते आधीच पुष्कळ असते, आणि रात्री १५६ रक्तदाब असलेल्या माणसाला ते वाढवून देण्याचे कारण नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर मीठ आणि पाणी दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

घोट्यापर्यंतचे घट्ट मोजे निरुपयोगी असतात, कमरेपर्यंतचे आपल्या दमट हवेत फार थोडे लोक अंगावर ठेवतात. म्हणून मी पोटाला बांधायचा रुंद लवचीक पट्टा सुचवतो. बाळंतपणानंतर बांधतात तसा तो कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतो. उठण्यापूर्वी बांधावा आणि आडवे होण्यापूर्वी सोडावा. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते नऊ इंच उंच केली, तर रात्रीचा चढलेला रक्तदाब थोडा उतरतो आणि रात्रभर लघवीवाटे जाणारे मीठ-पाणीही कमी होते, त्यामुळे सकाळची घसरण सौम्य होते. केवळ उशा वाढवून हे साधत नाही. सबंध पलंगच तिरपा हवा.

एवढे करूनही रुग्णाला उभे राहणे कठीण जात असेल, तर औषधाची वेळ येते. त्या वेळी आपले उद्दिष्ट काय आहे, हे घरच्यांनी समजून घ्यावे. यंत्रावर १२० दिसणे हे उद्दिष्ट नाही. त्याने स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जावे, देवपूजेला उभे राहावे, संध्याकाळी इमारतीच्या आवारात एक फेरी मारावी, एवढ्यासाठी उभ्याचा रक्तदाब पुरेसा ठेवायचा असतो. ९५ वर तो हे सारे करू शकत असेल तर मी मात्रा वाढवत नाही.

मिडोड्रिन शरीरात गेल्यावर डेसग्लायमिडोड्रिन या सक्रिय रूपात बदलते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. ते मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे त्याने अस्वस्थता फारशी होत नाही. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. अर्ध्या-पाऊण तासात परिणाम सुरू होतो आणि दोन ते चार तासांत संपतो. सुरुवात २.५ मिलिग्रॅमने करतात आणि गरजेप्रमाणे दर वेळी १० मिलिग्रॅमपर्यंत, दिवसातून तीनदा, असे वाढवता येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर अगदी कमी मात्रेवरच थांबावे लागते. ‘दिवसातून तीनदा’ हे शब्द वाचून लोक सकाळ-दुपार-रात्र अशा जेवणांबरोबर गोळ्या घेतात, आणि इथेच घात होतो. ही गोळी उभे असण्याच्या तासांसाठी आहे. सकाळी उठण्यापूर्वी अर्धा तास, दुपारी बाराच्या सुमारास आणि चारच्या आसपास, अशा वेळा साधारणपणे ठरवतात. शेवटची गोळी आणि झोप यांत किमान चार तास हवेत. गोळी घेऊन आडवे झाले की रक्तदाब १८०-२०० पर्यंतही जाऊ शकतो. आपल्याकडे दुपारच्या वामकुक्षीची सवय असते. ती मोडवत नसेल तर बाराची गोळी गाळावी किंवा आरामखुर्चीत पाठ उंच ठेवून विसावा घ्यावा. रात्रीचे जेवण झाल्यावर गोळी घेऊन लगेच झोपणाऱ्या रुग्णाची सकाळ जड डोक्याने उजाडते आणि घरचे समजतात की रक्तदाब अजून कमीच आहे, म्हणून मात्रा वाढवतात. वहीतला झोपतानाचा आकडा अशा वेळी खरे काय ते सांगतो.

या गोळीने अंगावर काटा येतो आणि डोक्याची त्वचा खाजते. रुग्णाला वाटते की अ‍ॅलर्जी आली. खरे तर केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकुंचन पावल्याचा तो परिणाम असतो आणि मात्रा कमी केली की बहुधा आटोक्यात येतो. लघवी अडणे ही मात्र गंभीर गोष्ट आहे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला ही गोळी दिल्यावर रात्री-अपरात्री नळी घालण्याची वेळ येऊ शकते, आणि ऐरोलीच्या भगिनींना मी सुरुवातीलाच नको म्हटले ते मुख्यतः यासाठी. शेजारच्या काकूंना प्रोस्टेट नाही. तीव्र हृदयविकार, मूत्रपिंडाचा ताजा आजार, अतिक्रियाशील थायरॉइड यांतही ती वर्ज्य आहे. सर्दीच्या गोळ्यांत बहुधा फिनाइलेफ्रिन असते आणि तेही रक्तवाहिन्या आवळते. मिडोड्रिन घेणाऱ्याने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डायलिसिस चालू असताना ज्यांचा रक्तदाब घसरतो अशांना ही गोळी डायलिसिसपूर्वी अर्धा तास देण्याची पद्धत आहे. तिथे निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांचा.

फ्लुड्रोकॉर्टिसोन वेगळ्या मार्गाने जाते. ते मूत्रपिंडाकडून मीठ अडवून धरते, रक्तवाहिन्यांतील द्रव वाढवते आणि त्यांना नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला अधिक प्रतिसाद द्यायला लावते. मात्रा सहसा ०.१ मिलिग्रॅम सकाळी एकदा, फार तर ०.२. पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून ते सोडू नये. वजन किलो-दीड किलोने वाढणे अपेक्षितच असते; पण पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला, धाप लागली किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर तत्काळ कळवावे. पोटॅशियम उतरणे हा याचा नेहमीचा दोष आहे. मी पहिल्या दोन आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर पुन्हा पोटॅशियम तपासतो. पायांत गोळे येणे, गळून जाणे, नाडी चुकणे ही त्याची लक्षणे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असते खरे, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्याने ते औषध म्हणून ढोसू नये. हृदय अशक्त असलेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला हे औषध देऊ नये. अशा रुग्णांचा रक्तदाब हृदयाच्या औषधांमुळे ९५-१०० च्या घरात असतो आणि लक्षणे नसतील तर तो तसाच राहू द्यायचा असतो. आकडा पाहून घाबरून तो वाढवायला जाऊ नये.

आपल्या सासऱ्यांना रात्री आडवे असताना रक्तदाब चढतो, म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोनही माझी पहिली पसंती नाही. त्याचा परिणाम दिवसरात्र राहतो, मिडोड्रिनसारखा चार तासांत उतरत नाही. स्वायत्त नसांच्या दोषाने ज्यांचा रक्तदाब उभ्याने उतरतो, त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोकांत आडव्याने तो चढतो. त्यामुळे एकाच माणसाला दिवसा चढवायचे आणि रात्री उतरवायचे अशी कसरत करावी लागते. रात्रीसाठी पलंग तिरपा करणे आणि काही वेळा रक्तदाबाची गोळी सकाळऐवजी झोपताना देणे एवढ्याने पुष्कळदा भागते.

पिरिडोस्टिग्मिन हे मुळात मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे औषध. ते नसांच्या गाठींमधला संदेश थोडा बळकट करते आणि तो संदेश उभे राहिल्यावरच वाढत असल्याने आडव्याचा रक्तदाब सहसा चढत नाही. परिणाम माफक असतो, पोटात कळ येणे आणि जुलाब होतात, पण सौम्य त्रासाच्या रुग्णात त्याला जागा आहे. ड्रॉक्सिडोपा शरीरात गेल्यावर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनमध्ये बदलते. जपानमध्ये ते १९८९ पासून आणि अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे, मुख्यतः पार्किन्सन व तत्सम विकारांसाठी, आणि त्याचीही शेवटची मात्रा झोपण्यापूर्वी तीन तास घ्यायची असते. जेवल्यावर तासाभरात ज्यांना गुंगी आणि चक्कर येते त्यांना थोडे-थोडे जेवण, कमी भात आणि गरज पडल्यास जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर अकार्बोज ही मधुमेहाची गोळी उपयोगी पडते. आपले सासरे मधुमेही असल्यामुळे, जेवणानंतरचे आकडे तसे निघाले, तर मला हा पर्याय आवडेल. कडक कॉफी सकाळी एक कप चालेल, दिवसभर नको.

तरुणांची गोष्ट निराळी. सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराशी दाटीवाटीने उभी असलेली, उपाशीपोटी निघालेली मुलगी घामाघूम होऊन कोसळते, तेव्हा तिला बहुधा व्हॅसोव्हॅगल मूर्च्छा, म्हणजे नाडी व रक्तदाब क्षणभर घसरून येणारी साधी भोवळ, आलेली असते. तिला समज द्यावी, पाणी-नाश्त्याची सवय लावावी, आणि अंधारी येऊ लागताच पायांची आढी घालून मांड्या आवळायला किंवा खाली बसायला शिकवावे. बहुतेकींना एवढे पुरते. वारंवार कोसळणाऱ्यांसाठी मिडोड्रिनचा आधार आहे: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३३ रुग्णांच्या अभ्यासात नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना आणि मिडोड्रिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांना पुन्हा मूर्च्छा आली. याच कामासाठी एकेकाळी पुष्कळ दिले गेलेले एटिलेफ्रिन मात्र १९९९ मधील अभ्यासात नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांबद्दल मला खरोखर काळजी वाटते. मेफेन्टरमिन हे इंजेक्शन भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात, पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर वापरतात. तेच व्यायामशाळांमध्ये जोर यावा म्हणून मुले टोचून घेतात. पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने राज्यात अशा साठ्यांवर कारवाया केल्या आहेत. ते शरीरातील साठवलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन एकदम बाहेर फेकते, म्हणून पुन्हा पुन्हा घेतल्यावर परिणाम घटतो आणि मात्रा वाढवावी लागते; मग रक्तदाब भडकणे, हृदयाची लय बिघडणे, भास आणि संशय, झोप उडणे, व्यसन. रक्तदाबाचे औषध म्हणून ते घरात असण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. डेंग्यूचा ताप उतरल्यावर, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. ताप गेला म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि नेमका तोच धोक्याचा काळ असतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यावरही रक्तदाब पडतो. हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, बडबड किंवा सुस्ती, पोटात सतत दुखणे, छातीत दुखणे, काळे शौच, दम लागणे यांपैकी काहीही कमी रक्तदाबासोबत असेल तर गोळी शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावे. तिथे आधी शिरेतून द्रव देतात, आणि जंतुसंसर्गात तेवढ्याने भागले नाही तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुरू करतात. पूर्वी डोपामाइन सर्रास वापरत, पण २०१० च्या मोठ्या अभ्यासात त्याने हृदयाची लय अधिक वेळा बिघडलेली दिसल्यापासून ते मागे पडले.

राहिला प्रश्न जन्मभर औषध घेण्याचा. अधिवृक्क ग्रंथी कायमच्या निकामी झालेल्यांना ते जन्मभर घ्यावेच लागते आणि एक दिवसही चुकवता येत नाही. मधुमेहाने नसा कमजोर झालेल्यांचा मूळ दोष सहसा जात नाही, पण औषधाची गरज बदलते: उन्हाळ्यात ती वाढते, पावसाळ्याच्या गारव्यात कमी होते, रुग्ण आजारी पडून अंथरुणाला खिळला तर मिडोड्रिन तात्पुरते थांबवावे लागते. मी सुरुवातीला दोन आठवड्यांनी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी वही पाहतो, आणि मात्रा वाढवूनही उभे राहण्यात फरक पडत नसेल तर ते औषध काढून टाकतो. आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत माझा क्रम असा राहील: हायड्रोक्लोरोथायाझाइड वगळून टेल्मिसार्टन रात्री, टॅम्सुलोसिनची वेळ बदलणे, अ‍ॅमिट्रिप्टिलिनला पर्याय, बी-१२ आणि सोडियम-पोटॅशियमची तपासणी, सकाळचे पाणी आणि पोटाचा पट्टा. यातले प्रत्येक पाऊल त्यांच्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून टाकायचे आहे. यानंतरही उभ्याचा आकडा ९० च्या खाली राहून अंधारी येत असेल, तर मी पिरिडोस्टिग्मिन कमी मात्रेत प्रथम विचारात घेईन, तेही हृदयाच्या आलेखात नाडी फार मंद नसेल आणि दम्याचा इतिहास नसेल तरच. येत्या भेटीला वही, औषधांची सगळी पिशवी आणि घरचे यंत्रही घेऊन जावे, म्हणजे डॉक्टरांच्या यंत्राशी ते ताडून पाहता येईल.